वाळूतला 'क' कुणाच्या बापाचा?

लोणावळ्यात बंगल्यांच्या रांगेत 'मॉन्टेसरी' अशी पाटी दिसली की आपली माणसं लांबूनच वळतात. फीच तशी असते. पण ही रीत आली कुठून? १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत मारिया मॉन्टेसरीनं बालघर उघडलं. पोरं मजुरांची. त्यांच्या हातात तिनं खरखरीत कागदाची अक्षरं दिली. बोट फिरव, आवाज काढ. मग सुटी अक्षरं जुळवून शब्द कर. वस्तीत वाढलेली अक्कल, आणि कुलूप बंगलेवाल्यांचं!

इकडं १९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दगड, बिया, पानं हीच साधनं केली. शाळा वस्तीच्या अंगणात नेली. आज अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा. बाईंना दोष देत नाही, त्यांच्या डोक्यावर रजिस्टरांचा ढीग आहे.

पहिलीत गेलं की 'क' शंभर वेळा लिही. पोरानं 'पानी' लिहिलं की लाल रेघ, वर टोमणा: यांच्या घरात असंच बोलतात. अहो, त्यानं ऐकलं तेच लिहिलं! कान शाबूत आहे त्याचा. 'न'ला जीभ दाताशी, 'ण'ला वर टाळूला, हे करून दाखवायला काय पैसे पडतात? शुद्धलेखन नको असं मी म्हणत नाही. गोदीत पेटीवरचं एक अक्षर चुकलं तर माल भलत्या बंदरात जातो. माझं भांडण टोमण्याशी आहे.

मावळातल्या दोस्तांनो, रविवारी विहारात पोरं गोळा करा. परातीत वाळू नाहीतर भाताचा कोंडा पसरा, बोटानं अक्षर काढू द्या. चिंचोक्यांचा 'म' मांडा, चिखलाचा 'ग' करा. चिक्कीची रिकामी खोकी कापा, एका तुकड्यावर एक अक्षर. काना, वेलांट्या वेगळ्या. शब्द पोराचेच: खाचर, खेकडा, इंजिन, भाकरी. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी दुसरी, हा १९६२च्या नियमांतला साधा नियम. तो पाठ करायला लावू नका, तुकडा उचलताना हाताला कळू द्या. 'खिचडी'त दोन्ही वेलांट्या आहेत; तेवढी तरी खिचडी कामी येऊ द्या.

आणि त्यांना कार्ल्याला न्या. तिथं चैत्याच्या दगडात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव ब्राह्मीत कोरलंय. दरवाजा त्यानं घडवला. खाली उतरल्यावर प्रत्येकानं आपलं नाव मातीत काढायचं. मास्तर सोबत आले तर त्यांनीही.