उपस्थात्याची जागा रिकामी का?

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. व्यवसायात मात्र तिसरा पाद आपण नकळत गाळून टाकला. वैद्य निदान करतो, फार्मसी द्रव्य पुरविते, रुग्ण घरी जातो. मनोविकारात ही उणीव जिवावर बेतू शकते.

हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत. काही वर्षांपूर्वी निद्रानाशासाठी एक दुकानदार आमच्याकडे येत असत. आम्ही ब्राह्मी, जटामांसी, शिरोभ्यंग अशी योजना केली, पथ्य सांगितले. दोन महिने ते नियमित आले. 'जगणे नकोसे वाटते का?' हा प्रश्न मात्र आम्ही एकदाही विचारला नाही. पुढे त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. त्यांच्या पत्नी आम्हांस म्हणाल्या, "वैद्यराज, त्यांना तुमच्याशी बोलायचं होतं. पण बाहेर नेहमी रांग असायची."

त्या रांगेतील माणसाशी बोलणार कोण, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेच्या अलास्का राज्यात त्याचे एक उत्तर शोधले गेले. तेथील अनेक आदिवासी खेड्यांना रस्ताच नाही. लहान विमानाने वा बोटीने जावे लागते. अशा ठिकाणी 'बिहेव्हियरल हेल्थ एड' नावाचा प्रशिक्षित सहायक काम करतो. तो बहुधा त्याच समाजातला असतो. नैराश्य, व्यसन, शोक, आत्महत्येचे विचार यांची प्राथमिक चौकशी, समुपदेशन आणि पाठपुरावा तो करतो. त्याच्या प्रमाणपत्राच्या चार पायऱ्या आहेत आणि त्याचे काम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालते. काम सोपे नाही. ज्याचे गुपित ऐकले, तोच उद्या शेजारी म्हणून भेटतो. म्हणून गुप्तता पाळणे आणि स्वतःचा शीण ओळखणे हेही त्याला शिकावे लागते.

आपल्या शेजारच्या गोव्यातही असा प्रयोग झाला आहे. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांना दवाखान्यांत नेमून त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. जेथे असे समुपदेशक नव्हते तेथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांतील रुग्ण जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले. तेव्हा केवळ माणूस नेमला की काम झाले, असे आपण खासगी व्यावसायिकांनी मानू नये. नोंदी ठेवून फरक पडतो की नाही, हे तपासले पाहिजे.

काही वैद्यबंधू म्हणतील, सत्त्वावजय चिकित्सा आपल्याच शास्त्रात आहे, बाहेरचे उसने कशाला? प्रश्न योग्य आहे. परंतु सत्त्वावजय ग्रंथात असून भागत नाही. त्यासाठी रुग्णापाशी अर्धा तास बसणारा माणूस लागतो. चरकांनी उपस्थात्याचे जे गुण सांगितले – उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग, शौच – ते याच माणसाचे आहेत.

येथे मर्यादाही स्पष्ट हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले आहे, केवळ बी.ए.एम.एस. पदवी त्यासाठी पुरत नाही. म्हणजे सहायकावरील देखरेख आपण एकट्याने करू नये.

आमची सूचना अशी. तालुक्यातील चार-पाच चिकित्सालये व फार्मसीचालक यांनी मिळून एक सहायक नेमावा. त्याला रीतसर प्रशिक्षण आणि योग्य वेतन द्यावे. हे काम सेवाभावावर सोडू नये. त्याने औषध सुचवू नये. मानसरोगतज्ज्ञाने नियमितपणे त्याच्या नोंदी पाहाव्यात आणि आत्महत्येचा विचार बोलून दाखविणारा रुग्ण त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोहोचावा. फार्मसीचालकांनीही झोपेचे औषध वारंवार मागणाऱ्या ग्राहकास बाटली देऊन मोकळे होऊ नये. दोन शब्द विचारावेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक काउंटरवर लावण्यास तर काहीच खर्च नाही.

आमच्या चिकित्सालयात आता नव्या रुग्णाच्या कागदावर झोप, भूक, मलप्रवृत्ती यांच्या खाली आणखी एक ओळ आहे : जगण्याची इच्छा. ती ओळ भरण्यास लागणारा वेळ आम्ही त्या दुकानदारांना द्यावयास हवा होता.