ब्लॉक पाठवण्याआधी

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की हल्ली केमोच्या आधी जनुकीय चाचणीचा खर्च उभा राहतो. बायोप्सी जिल्ह्याच्या गावी झालेली असते. तिथल्या लॅबमधून मेणाचा ब्लॉक सोडवून मुंबई-पुण्याला पोचवण्याचे काम बहुधा मुलाकडे किंवा जावयाकडे येते. बोटाच्या दोन पेरांएवढ्या त्या ठोकळ्यात गाठीचा जेमतेम दिसेल न दिसेल असा तुकडा असतो. रिपोर्ट कधी एका ओळीचा येतो, कधी वीस पानांचा. या चाचणीवर पैसे घालावेत का, आणि ते सरकारने द्यावेत का, याचे सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ देणारे दोघेही घाई करतात.

चाचणीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा 2009 सालचा आहे. पूर्व आशियातल्या, बहुतांश कधीच धूम्रपान न केलेल्या रुग्णांना जेफिटिनिबची गोळी द्यावी की केमो, हे ‘आयपास’ या अभ्यासात तपासले गेले. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्यांचा आजार गोळीने जास्त काळ आटोक्यात राहिला. बदल नसलेल्यांचा मात्र केमोपेक्षा लवकर बळावला. म्हणजे रुग्णाचा पूर्वेतिहास पाहून अंदाजाने गोळी सुरू करणे हे नुसते वाया जाणे नव्हे, त्यात नुकसान आहे. आपल्याकडे फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात साधारण चौघांत एकाला हा बदल सापडतो आणि जेफिटिनिबची जेनेरिक गोळी महिन्याला काही हजारांत मिळते. या एका चाचणीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद सुरू होतो तो शेकडो जनुकांच्या पॅनेलपाशी. 2015 मध्ये फ्रान्समधल्या ‘शिवा’ या अभ्यासात (नाव खरेच तसे आहे) गाठ कोणत्याही अवयवाची असो, जनुकातला बदल पाहून औषध निवडले गेले. 195 रुग्णांत आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ जनुक पाहून औषध दिलेल्या गटात 2.3 महिने, नेहमीच्या उपचारांच्या गटात 2.0 महिने. फरक नगण्य. त्यातली औषधे जुन्या पिढीची होती, जोड्याही सैल जुळवलेल्या होत्या, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. 2018 मध्ये अमेरिकेत लॅरोट्रेक्टिनिबला अवयव न पाहता, केवळ जनुकातल्या बदलावरून मान्यता मिळाली; पण तो बदल दुर्मीळ आहे. आपल्याकडे पुरुषांत ठाण मांडून बसलेल्या तोंडाच्या कर्करोगात सर्वाधिक सापडतो तो टीपी53 मधला बदल, आणि त्यावर नेम धरणारे औषध अजून रोजच्या वापरात नाही. अशा रुग्णाच्या घराने उसनवारी करून पॅनेल केले, तर बहुधा हाती येतात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मारलेल्या ओळी. तो पैसा शस्त्रक्रिया आणि रेडिएशन वेळेत होण्यासाठी लागतो.

फुप्फुसाच्या बाबतीत मात्र मी पॅनेलच्या बाजूने आहे. ईजीएफआर, मग एएलके, मग आरओएस1 अशा एकेक चाचण्या करत गेले की तुकडा संपतो आणि धाप लागलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचावी लागते. एकदाच सगळे पाहणे तिथे शहाणपणाचे.

राहते औषधाची किंमत. इमॅटिनिबने रक्ताच्या एका कर्करोगाचे रूपच पालटले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुधारित रूपाचे पेटंट नाकारले तेव्हा मूळ कंपनीचे औषध महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होते, जेनेरिक सुमारे आठ-दहा हजारांत. ऑसिमर्टिनिब या ईजीएफआरवरच्या नव्या गोळीवरचे सीमाशुल्क 2024 च्या अर्थसंकल्पात माफ झाले, तरी नव्या औषधांच्या छापील किमती पगारदार घरालाही झेपत नाहीत. स्वस्तातही वाट निघते, हे टाटा मेमोरियलने दाखवले. जेफिटिनिबला केमोची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ 8 महिन्यांवरून 16 वर गेला. गंभीर दुष्परिणामही 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेले, आणि ते सोसायचे की नाही हे डॉक्टरांनी परस्पर ठरवू नये.

म्हणून सरकारी योजनेत चाचणी आणि औषध एकाच पॅकेजमध्ये हवे. नुसती चाचणी फुकट करून औषधासाठी माणसाला ट्रस्टच्या दारोदार फिरवणे ही क्रूर चेष्टा आहे. परवडणार नाही असे गृहीत धरून चाचणीच न सुचवणेही तितकेच चूक, कारण बदल कळला तर नव्या औषधाच्या एखाद्या चाचणी-प्रकल्पात किंवा कंपनीच्या मदत योजनेत शिरकाव होऊ शकतो. नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या रुग्णालयांसाठी औषधांची एकत्र खरेदी करते; तोच घाऊक सौदा चाचण्यांचाही व्हावा. आणि थोडा पैसा त्याआधीच्या पायरीवर जावा. एक्स-रेवरची सावली क्षयाचीच समजून महिनोन्‌महिने गोळ्या खाल्लेले कितीतरी रुग्ण कर्करोग तज्ज्ञांकडे उशिरा पोचतात. जिल्हा रुग्णालयात वेळेवर बायोप्सी करणारा आणि ती वाचणारा माणूस नसेल, तर पाठवायला ब्लॉकच नसतो.