पाणी अडते कुठे? चामड्यात की शिवणीत?

१/ पावसाळी भटकंतीचे दिवस आले की ‘वॉटरप्रूफ लेदर बूट कोणते घ्यावेत?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतेच आणि उत्तरादाखल परदेशी नावांची यादी येते. त्याखाली हमखास एक वाक्य असते: ‘आपल्याकडे हे तंत्र नव्हतेच.’ आजचा धागा त्या वाक्यासाठी.

२/ आरंभ अमेरिकेतील मेन राज्यापासून करू. लिऑन लिऑनवूड बीन हा शिकारीचा शौकीन गृहस्थ ओल्या पायांना कंटाळला होता. त्याने रबरी तळावर चामड्याचा वरचा भाग गावच्या चर्मकाराकडून शिवून घेतला. चिखलाशी गाठ रबराची, घोट्याला आधार चामड्याचा. १९१२ मध्ये, शिकारीचा परवाना काढणाऱ्या परराज्यातील लोकांची यादी मिळवून त्याने टपालाने जाहिरात धाडली.

३/ पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले. रबर आणि चामडे जिथे एकत्र शिवले होते, तिथेच ते सुटले होते. बीनने पैसे परत केले, कर्ज काढले, बूट सुधारला. ही गोष्ट आज सचोटीचा धडा म्हणून सांगितली जाते. असेल. मला मात्र तीत शिवणीचा इतिहास दिसतो. शिवणारा चर्मकार तर त्या आख्यायिकेच्या कडेलाच उभा आहे.

४/ चामडे म्हणजे तंतूंचे दाट जाळे. चरबी, तेल, मेण मुरवले की ते बराच काळ पाणी थोपवते. पण सुईचे प्रत्येक छिद्र हे पाण्याला उघडे दार. म्हणून जुने डोंगरी बूट शक्यतो एकसंध चामड्यातून कापत, जीभ दोन्ही बाजूंनी शिवून टाकत, नॉर्वेजियन पद्धतीत तर वरच्या चामड्याची कड बाहेर वळवून टाके घालत. गळते शिवण, बदनाम होते चामडे. दुखणे हल्याला आणि डाग पखालीला!

५/ १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. पुढे तो बुटांच्या अस्तरात गेला. उपयुक्त आहे, नाकारत नाही. मात्र तो फाटला की रस्त्यावरचा कारागीर हतबल होतो.

६/ आता म्हणीतल्या त्या पखालीकडे आणि तिच्या थोरल्या बहिणीकडे, मोटेकडे वळू. पंप येण्यापूर्वी महाराष्ट्रातील शेते चामड्याच्या मोटेने भिजत. बैल उतरणीवर चालत, नाडा ताणला जाई आणि भरलेली मोट दिवसभर विहिरीत खाली-वर होत राही. इतका भार आणि इतके पाणी कोणत्याही बुटाच्या शिवणीला सोसावे लागत नाही. कातडे कमवायला बाभळीची साल आणि हिरडा वापरत. भीमाशंकरच्या वाटेवर आपण ज्याखालून बेफिकीर जातो, तोच हिरडा.

७/ हे ज्ञान ढोर आणि चांभार समाजातील कारागिरांच्या हातात होते. ज्यांनी विहिरीतून पाणी वर आणणारी मोट शिवली, त्यांनाच गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा ‘आपल्याकडे तंत्र नव्हते’ हे विधान मला अज्ञानाहून गंभीर वाटते. तंत्र होते. तंत्रज्ञ म्हणून ज्यांची नावे लिहायची, त्यांना आपण माणूस म्हणूनही मोजले नाही.

८/ गेल्या वर्षी माझे बूट गळू लागले. दुकानदाराने नवा जोड दाखवला. बसस्थानकाबाहेर बसणाऱ्या काकांनी अंगठ्याने शिवण दाबून पाहिली, दोऱ्याला मेण लावले, दुहेरी टाके घातले आणि ६० रुपये घेतले. परवा राजमाचीच्या वाटेवर मोजे कोरडे राहिले. म्हणजे ओढ्याचे पाणी घोट्यावरून आत शिरेपर्यंत. त्यात काकांचा दोष नाही.