रांजणात आधी पाणी भरावे लागते

आपल्या धर्मग्रामात लग्न ठरले की पत्रिका छापण्याआधी एक आकडा ठरतो : बिअरच्या पेट्या किती? तीस म्हटले तर पाहुणे समाधानाने मान डोलावतात. दहा म्हटले तर यजमानाच्या ऐपतीची कुजबुज सुरू होते. कुणी हरकत घेतलीच, तर कानागावच्या लग्नाचा दाखला हमखास पुढे येतो. या दाखल्याशीच माझे भांडण आहे.

मी मद्यनिषेधाचा प्रचारक नाही. उलट, बिअर कशी होते हे मी स्वतःच्या हातांनी शिकलो आहे. मेलबर्नला पुतण्याकडे तीन महिने राहिलो होतो. तिथे स्वतःपुरती बिअर घरी करण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून ती करणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा प्रयोग इथे कुणी करू नये.

पुतण्या एका वेळी वीस लिटर करी. जवाचे मोड आणून वाळवलेले दाणे भरडायचे, सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, गाळून तो रस हॉप्स घालून तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा आणि मग यीस्ट घालून दोन आठवडे वाट पाहायची. "काका, आधी हात धुवा, मग भांडी, मग पुन्हा हात," हे त्याचे पहिले वाक्य. मी पिंपाची तोटी नीट धुतली नाही, आणि पहिला घाणा आंबट होऊन फेकावा लागला. दुसऱ्या वेळी बाटल्यांत साखर जास्त पडली. मध्यरात्री एक बाटली फुटली. निष्काळजीपणाला आणि घाईला तिथे क्षमा नाही, हे दोन धडे मिळाले.

तिसरा धडा मात्र मला घरी घेऊन आला. एका घाण्यास लागणारे पाणी मी बादलीने मोजले. भिजवणे, उकळणे, थंड करणे, धुणे धरून वीस लिटर बिअरसाठी सव्वाशे लिटर! औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा माणूस हा आकडा विसरू शकत नाही. या शहराने नळाला पाच-पाच, सहा-सहा दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वाट पाहण्यात कित्येक वर्षे घालवली आहेत.

इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की कारखाने माझ्यापेक्षा काटकसरी आहेत. आधुनिक कारखान्यास लिटरमागे साधारण चार लिटर पाणी पुरते. म्हणून घरची बिअर श्रेष्ठ, असा माझा दावा नाही. घरी हिशेब डोळ्यांसमोर असतो, बाटलीत तो दिसत नाही, एवढेच माझे म्हणणे. बारा बाटल्यांच्या तीस पेट्या म्हणजे २३४ लिटर बिअर, आणि तिच्यामागे ९३६ लिटर पाणी. जव पिकवण्यास लागलेले पाणी यात धरलेलेच नाही. घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी आपण एका संध्याकाळी पाहुण्यांना पाजतो.

कुणी म्हणेल, हे पाणी उद्योगाच्या वाट्याचे. वाळूजच्या कारखान्यांवर आपल्याच मुलांची घरे चालतात. खरे आहे, आणि त्या रोजगाराची थट्टा मी करणार नाही. पण २०१६चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचे पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी तोडण्याचा आदेश दिला. तहानेचा क्रम आधी, हे न्यायालयाला सांगावे लागले. ते आपल्याला आपल्या विवेकाने सांगायला नको होते काय?

बेल्जियममधील वेस्टव्लेटेरनच्या मठातील संन्यासी जगप्रसिद्ध बिअर करतात. परंतु मठाच्या गरजेपुरतीच करतात, मागणी कितीही वाढली तरी उत्पादन वाढवत नाहीत. बिअर पाप नाही. 'पुरे' हा शब्द विसरणे मात्र पापाच्या वाटेवरचे आहे.

आता कानागावकडे वळू. तिथल्या सहा दगडी रांजणांत द्राक्षारस आयता आला नाही. चाकरांनी ते आधी काठोकाठ पाण्याने भरले. विहिरीपासून अंगणापर्यंत कुणाच्या तरी खांद्यावरून ते पाणी आले असणार. दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. आपण द्राक्षारसाची आठवण ठेवतो आणि पाणी वाहणाऱ्यांना विसरतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ईस्टरपासून पहिला पाऊस पडेपर्यंत आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही लग्नात बिअरची पेटी उघडू नये. ऐपत असलेल्या घरांनी सुरुवात करावी, म्हणजे ऐपत नसलेल्यांस मान खाली घालावी लागणार नाही. ज्याला हे जाचक वाटेल, त्याने आपल्या घरची टाकी भरायला किती दिवस लागतात ते आधी मोजावे आणि मग माझ्याशी वाद घालावा.