‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय, सर!’

गेल्या पावसाळ्यात आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तीन दिवस रक्ततपासणीचे आकडे वहीत लिहिले जात होते. तपासणीचे यंत्र ठणठणीत होते. त्याच्याकडून आकडे घेऊन वॉर्डातल्या संगणकापर्यंत पोचवणारा नवा प्रोग्रॅम मात्र सुरूच होईना. दुसऱ्या रात्री मूत्रपिंडाच्या एका रुग्णाचे पोटॅशियम ६.८ आले आणि वहीतून केसपेपरवर उतरताना ते ३.८ झाले. घाईत लिहिलेले मराठी ६ आणि ३ म्हणजे आरशातली भावंडे. ३.८ असेल तर चिंता नाही, ६.८ असेल तर हृदय कधीही दगा देऊ शकते. सिस्टरना नाडी मंद लागली, त्यांनी ईसीजीचा आग्रह धरला, म्हणून निभावले.

तिसऱ्या दिवशी मी पुरवठादाराच्या पंचविशीतल्या इंजिनीअरशेजारी खुर्ची ओढून बसलो. “माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय, सर!” हे त्याचे पहिले वाक्य. संगणकाचे मला बेताचेच कळते, पण हे वाक्य ओळखीचे वाटले. “घरी तर ताप नव्हता, डॉक्टर” असे ओपीडीत रोजच ऐकतो.

प्रोग्रॅम जावा भाषेतला. जावातला प्रोग्रॅम विंडोज असो वा लिनक्स, सहसा तसाच चालतो. पण यंत्राच्या केबलशी थेट बोलायचे तर त्याला दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे नेटिव्ह लायब्ररी, विंडोजवरची डीएलएल फाइल. ती त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि प्रोसेसरसाठीच घडवलेली असते. रक्तगटासारखेच समजा, न जुळणारे चालत नाही.

पडद्यावर तक्रार होती की ही लायब्ररी ठरलेल्या मार्गावर सापडत नाही. मुलाने ती विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये ठेवली होती. फाइल डोळ्यांना दिसत होती, तरी तक्रार तीच. मग तो इंटरनेटवरून त्याच नावाची दुसरी फाइल उतरवायला निघाला, तेव्हा मी हात धरला. निदानाआधी औषधे बदलत राहण्याचे परिणाम मी पाहिले आहेत. शिवाय कुठल्याशा साइटवरची डीएलएल रुग्णालयाच्या संगणकात घालणे म्हणजे रस्त्यावर पडलेली सुई उचलून टोचणे.

“अरे, तुझ्या लॅपटॉपवर आहे आणि इथे नाही, असं काय काय आहे? आधी यादी कर,” मी म्हणालो. दहा मिनिटांत उलगडले. विंडोज दोन्हीकडे ६४ बिटचे, लायब्ररीही ६४ बिटची. पण आमच्या संगणकावरचा जावा ३२ बिटचा, कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरसोबत आलेला. गंमत अशी की ३२ बिटचा प्रोग्रॅम ‘सिस्टिम३२’चे दार ठोठावतो, तेव्हा विंडोज त्याला गुपचूप ‘सिसवॉव६४’ या दुसऱ्याच फोल्डरकडे पाठवते. नावे नेमकी उलटी: ‘३२’ नावाच्या घरात ६४ बिटच्या फाइली आणि ‘६४’ नावाच्या घरात ३२ बिटच्या. नामकरण करणाऱ्याला नमस्कार. फाइल आम्हाला दिसत होती, प्रोग्रॅमला नाही.

जुना जावा तसाच ठेवून शेजारी ६४ बिटचा बसवला, प्रोग्रॅमला त्याचा पत्ता दिला. आता वेगळी तक्रार आली: लायब्ररी ज्यांवर अवलंबून आहे, त्या फाइली सापडत नाहीत. मुलगा हिरमुसला, मला हायसे वाटले. लक्षण बदलले, म्हणजे आपण पुढे सरकलो. लायब्ररी सापडली होती. तिला लागणारा मायक्रोसॉफ्टचा सी प्लस प्लस रनटाइम आमच्याकडे नव्हता. प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर तो त्याच्या साधनांबरोबर आपसूक येतो, म्हणून त्याला त्याची उणीव कधी जाणवलीच नाही. मायक्रोसॉफ्टच्याच इन्स्टॉलरने तो बसवला आणि आकडे वाहू लागले.

मुलाला मी दोष देत नाही. दोष आमच्या खरेदीचाही आहे. निविदेत वॉरंटी विचारतो, दर विचारतो. पण हे सॉफ्टवेअर आमच्यासारख्या, प्रोग्रॅमरची साधने नसलेल्या संगणकावर चालवून पाहिले का, हे विचारत नाही. माझे म्हणणे असे की प्रोग्रॅमने आपला जावा आणि सगळ्या लायब्रऱ्या सोबत आणाव्यात, सुरू होतानाच काय कमी आहे ते तपासावे आणि रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला कळेल अशा मराठीत सांगावे.

शेवटची मागणी चोचल्याची वाटेल, पण १९८६ मध्ये टेक्सासमध्ये थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश दिला होता. चालवणाऱ्यांना त्याचा अर्थ उमगण्याची सोय नव्हती. असे संदेश नेहमीचे, म्हणून कळ दाबून उपचार पुढे चालू केला गेला. रुग्णाला किरणांचा प्रचंड डोस बसला. तिथला बिघाड वेगळा होता; न कळणारा संदेश तोच.

आमची वही अजून काउंटरवर आहे. पोटॅशियमचा आकडा आता अक्षरीही लिहायचा, असे मी सांगितले आहे.