तोंडी सांगितलेले ताट

व्यापारात तोंडी सौद्याला मान असतो. तोंडी तपशिलाला नसतो. गोंदियाच्या बाजारात धानाचा व्यवहार अनेकदा शब्दावर ठरतो, परंतु त्या शब्दामागे वाण कोणता, ओलावा किती, तांदळात तुकडा किती टक्के, बारदाना कोणाचा, हे सारे आधीच स्पष्ट झालेले असते. शासकीय खरेदी केंद्रावरही धानाचा ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारला जातो. ‘चांगला माल पाठवा’ एवढ्या एका वाक्यावर कोणताही गिरणीमालक गाडी भरायला सांगत नाही. अशाच एका गिरणीमालक कुटुंबाने गेल्या डिसेंबरात आपल्या आजींचे दोन दिवसांचे जेवण मात्र एकाच शब्दावर ठरविले. तो शब्द होता ‘जैन’.

कुटुंब अकरा जणांचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, दोन मुले, दोन सुना, माहेरी आलेली मुलगी आणि पाच नातवंडे. नाताळच्या सुटीत लांब कोठे न जाता आपल्याच जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात जावे असे ठरले. तालुका तसा पाहण्याजोगा आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे. कोहळी समाजाच्या जलज्ञानाची ती साक्षच होय. तलावाभोवतीच्या अरण्याला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वनाधिकारी असताना मारुती चितमपल्ली यांनी येथे काढलेले दिवस ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकातून मराठी वाचकांना परिचित आहेत. हिवाळ्यात तलावावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. महाराष्ट्रात आज सारस पाहावयाचा तर तोही मुख्यतः याच जिल्ह्यात.

जंगलालगतच्या एका रिसॉर्टमध्ये दोन दिवसांची नोंदणी धाकट्या सूनबाईंनी दूरध्वनीवरून केली. भाड्यात जेवणखाण समाविष्ट होते. ‘जैन जेवण मिळेल ना?’ या प्रश्नावर ‘हो, मिळेल’ असे उत्तर आले. सूनबाईंनी खाखऱ्याचा आणि सुक्या नाश्त्याचा डबा भरून ठेवला होता; परंतु निघताना थोरल्या चिरंजिवांनी तो घरीच ठेवावयास लावला. ‘पैसे भरले आहेत, डबे कशाला वाहायचे?’ असे त्यांचे म्हणणे पडले.

पहिल्या दुपारी सर्व मंडळी मोठ्या अपेक्षेने भोजनगृहात बसली. वाढणाऱ्या मुलाने अभिमानाने सांगितले, ‘कांदा-लसूण काहीच नाही.’ ते खरेच होते. परंतु पनीरच्या रश्शात बटाटा होता आणि मिश्र भाजीत गाजर. कंदमूळ म्हटल्यावर आजींच्या ताटातून दोन्ही भाज्या गेल्या. मग दहीवडे आले. त्यांत कांदा नव्हता, लसूण नव्हता, बटाटाही नव्हता. तरीही आजींनी हात जोडले. कच्चे दही आणि डाळ एकत्र आली की ते द्विदल होते, हे त्या मुलाला कोणी सांगितले असणार? भात लांब दाण्याचा, दूरच्या प्रांतातील, गार आणि ताठ. ज्या कुटुंबाचे सारे आयुष्य तांदळात गेले, त्याने धानाच्या तालुक्यात बसून तो भात पानाच्या कडेला सारला. आजींनी दोन फुलके आणि वाटीभर साधे दही घेतले. कोणाला काही बोलल्या नाहीत.

खरी अडचण संध्याकाळची होती. डिसेंबराच्या अखेरीस या भागात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. जंगलातील सायंकाळची फेरी त्याच सुमारास संपते आणि रिसॉर्टचे भोजनगृह उघडते रात्री आठ वाजता. घरची मंडळी जंगलात गेली होती. आजी खोलीवर थांबल्या. साडेचार वाजता त्यांनी स्वतः जाऊन विचारले, तेव्हा ‘आजी, जेवण आठला’ असे नम्रतेने सांगण्यात आले. आजींचा चौविहार अनेक वर्षांचा. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा सूर्यास्तानंतर त्याग. त्यांनी वेळेत पाणी घेतले, पच्चक्खाण केले आणि माळ घेऊन बसल्या.

मंडळी परतल्यावर हे कळले. आठ वाजता भोजनगृहात, वाढपी मंडळींच्या आणि मुलांच्या देखत, थोरल्यांनी धाकट्या सूनबाईंना सुनावले, ‘एक काम सांगितले होते, तेही धड झाले नाही. आई उपाशी राहिली.’ सूनबाई काही बोलल्या नाहीत. घरी राहिलेल्या डब्याची आठवण तेथे बसलेल्या प्रत्येकाला होती. ती कोणी बोलून दाखविली नाही. मुलांनी मांडलेल्या पदार्थांतून ताटे भरभरून घेतली आणि न आवडल्याने अर्धी अधिक तशीच टाकली.

रात्री थोरले चिरंजीव आजींच्या खोलीत क्षमा मागावयास गेले. आजी म्हणाल्या, ‘माझा एक वेळचा आहार सुटला, त्यात माझे काही गेले नाही. पण तिला चारचौघांत बोललास, ते कोणाच्या खाती लिहायचे? आणि मुलांनी अन्न टाकले, ते कोणाच्या?’ जमाखर्चात मुरलेल्या त्या गृहस्थांपाशी या दोन्ही रकमांना उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारशीची वेळ झाल्यावर आजींनी दूध घेतले. त्यानंतर दोघी सुना मिळून थेट स्वयंपाकघरात गेल्या. तक्रार घेऊन नव्हे, तर कागद आणि पेन घेऊन. आचारी जवळच्याच गावचा. त्याने सरळ सांगितले, ‘ताई, आमाले चिठ्ठीवर इतकंच येते, जैन. मंग आमी कांदा-लसूण बंद करतो. बाकीचं कोणी सांगतच नाई.’ त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. उलट, काल ताटे परत आली याचे त्याला वाईट वाटले होते. थोरल्या सूनबाईंनी कागदावर लिहून दिले: बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळे, आले नको, मध नको, दह्याबरोबर डाळीचा पदार्थ नको, पाणी गाळून, संध्याकाळचे जेवण असेल तर पाच वाजता. आचाऱ्याने कागद वाचला आणि म्हणाला, ‘हे तं सोपं आहे.’

परतीच्या दिवशी दुपारचे जेवण साधे झाले. तुरीचे वरण, मटार-टमाट्याची भाजी, दुधीची भाजी, गरम फुलके आणि भात. तो भात पाहुण्यांसाठीचा नव्हता. कामगारांसाठी रोज शिजणाऱ्या पातेल्यातील होता. मऊ, बारीक दाण्याचा, या मातीतला. थोरल्यांनी घास घेताच ओळखले, एचएमटी. गोंदियाहून नागभीडकडे जाणारी रेल्वे याच तालुक्यातून जाते, आणि त्याच नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित शेतकऱ्याने आपल्या थोड्याशा शेतात निवड करीत हे वाण सिद्ध केले होते. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. दादाजी २०१८ साली गेले. त्यांचा तांदूळ घरोघरी शिजतो आहे. पाहुण्यांना मोठेपणा दाखविण्यासाठी दूरचा तांदूळ आणि कामगारांना घरचा, असा त्या स्वयंपाकघराचा उलटा हिशेब त्या दुपारी पंगतीतल्या साऱ्यांच्या ध्यानात आला. त्या जेवणात कोणाच्याही ताटात काही उरले नाही.

बिल आले तेव्हा त्यात दहा टक्के सेवाशुल्क लावलेले होते. सनदी लेखापालाचे शिक्षण घेणाऱ्या नातवाने ते शांतपणे व्यवस्थापकाच्या निदर्शनास आणले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाला सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. ते ग्राहकाच्या इच्छेवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरविल्या. व्यवस्थापकाने रक्कम वजा केली. सेवाशुल्क आणि वस्तू व सेवा कर यांत अनेकजण गल्लत करतात. कर द्यावाच लागतो. सेवाशुल्क आपल्या मर्जीचे. आजींनी मात्र त्या वाचलेल्या रकमेतील काही नोटा आचाऱ्याच्या हाती देवविल्या. सेवा ज्याने केली त्याच्याकडे शुल्क पोहोचले.

या प्रसंगात दोष कोणाचा? रिसॉर्टचा होता, यात शंका नाही. ‘मिळेल’ असे म्हणण्यापूर्वी काय मिळेल हे विचारणे त्याचे काम होते. परंतु कुटुंबाचाही होता. ‘जैन’ हा शब्द म्हणजे एखादी पाककृती नव्हे. एकाच घरात आजींचा चौविहार, सुनांचा कंदमूळत्याग आणि नातवंडांचा केवळ कांदा-लसूण वर्ज्य असा नियम असू शकतो. श्वेतांबर आणि दिगंबर परंपरांत, तिथीतिथींत, चातुर्मासात हे नियम आणखी बदलतात. घरात न बोलता समजणारी ही गोष्ट परक्या स्वयंपाकघरात लिहिल्यावाचून पोहोचत नाही.

कायद्याच्या खुणाही येथे अपुऱ्या पडतात. पाकिटावरील हिरवा ठिपका एवढेच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. त्यात कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. इतकेच नव्हे, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टनविषयक नियमांतील मांसाहाराच्या व्याख्येतून दुधाबरोबरच मधही वगळलेला आहे. म्हणून मध असलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका नियमानुसारच असतो. ज्या घरात मध वर्ज्य आहे, त्याने ठिपक्यावर न थांबता घटकांची यादी वाचावयास हवी.

विमान कंपन्यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडविला आहे. जैन भोजनासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र सांकेतिक अक्षरे आहेत आणि मागणी उड्डाणाच्या आधी ठरावीक मुदतीत नोंदवावी लागते. आकाशात जे आगाऊ नोंदीने साधते, ते जमिनीवरही साधावे. प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबाने नोंदणीच्या वेळीच काय चालत नाही, किती जणांना चालत नाही आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण किती वाजता हवे, हे लेखी कळवावे. होकारही लेखी घ्यावा. जेवणाची किंमत भाड्यात धरली असेल तर तसा उल्लेख मागावा. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आहे की नाही ते पाहावे. लेखी कबुली देऊनही सेवा मिळाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तोंडी ‘हो’ सिद्ध करणे मात्र अवघड असते. आणि एवढे सारे केल्यावरही घरचा सुका डबा सोबत असावा. तो अविश्वास नव्हे, राखीव निधी आहे.

परतताना अर्जुनीच्या बाजारात गाडी चहासाठी थांबली. तेथे, पुन्हा सर्वांच्या देखतच, थोरल्यांनी धाकट्या सूनबाईंना सांगितले, ‘डबा मी ठेवायला लावला होता. चूक माझी होती.’ जे चारचौघांत बोलले गेले, ते चारचौघांतच मिटविले गेले. आजींनी खिडकीबाहेर पाहत केवळ मान हलविली. कापणी संपलेल्या बांध्या दूरवर पसरल्या होत्या. धाकट्या नातीने आचाऱ्याला दिलेल्या त्या यादीची प्रत तोवर आईच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवली होती. खाली तिने एक ओळ स्वतःची घातली: ‘जेवढे खायचे तेवढेच वाढून घ्यायचे.’