मावशी, बोट ठेवा!

ज्यांच्या मनगटावर फिटनेस बँड आहे त्यांनी आज रात्री मेसमध्ये एक प्रयोग करून बघा. बँड काढा आणि सॅलडसाठी आणलेल्या एखाद्या जाड काकडीला बांधा. आमच्या विंगमधल्या एका बँडने काकडीचे ठोके मिनिटाला ७४ दाखवले! काकडी एकदम फिट. आम्ही पोट धरून हसलो. मग हळूच हसू थांबलं, कारण आमचा बी.ई. प्रोजेक्टही तोच होता : बोटाला पट्टीने बांधायचा नाडीमापक. आणि दोन दिवसांवर रिव्ह्यू!

आमचा प्रोजेक्ट म्हणजे काय, तर तुमच्यापैकी निम्म्या ग्रुप्सचा असतो तसाच. मॅक्स३०१०२ ही चिप बसवलेलं तयार मोड्यूल, चार वायरी, लायब्ररीतलं उदाहरण जसंच्या तसं चढवलेलं. एका रात्रीत चालू. ग्रुपमधल्या चौघांची बोटं ठेवून पाहिली, आकडे झकास आले. रिपोर्टमध्ये ‘अचूकता ९८ टक्के’ लिहून मोकळे झालो. (हा आकडा कुठून आला हे कृपया विचारू नये.)

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी मेसच्या मावशी भांडी घासून बाहेर येत होत्या. म्हटलं, “मावशी, बोट ठेवा जरा.” त्यांनी पदराला हात पुसून बोट ठेवलं. स्क्रीनवर आलं : ‘बोट नाही?’ दुसरं बोट. पुन्हा ‘बोट नाही?’ मावशी म्हणाल्या, “काय रे बाळांनो, माझी नाडी बंद पडली की काय?” सगळे हसले. आमच्यातला एक जण पटकन म्हणाला, “राहू द्या मावशी, उद्या डेमोला आम्ही आमचाच हात ठेवतो.” आणि खरंच तसंच केलं. मार्कही चांगले पडले.

मला मात्र ते वाक्य अजून बोचतं. म्हणून हा लेख.

कारण शोधायला दहा मिनिटं लागली असती, ती आम्ही रिव्ह्यूनंतर घालवली. कोडमध्ये एक ओळ होती : परत येणारा इन्फ्रारेड प्रकाश ५०,००० च्या खाली असेल तर ‘बोट नाही’. चिपचा एडीसी १८ बिटचा, म्हणजे आकडा २,६२,१४३ पर्यंत जातो. त्यात ५०,००० च का? कुणीतरी कधीतरी आपल्या बोटावर पाहून ठरवलेलं. त्यात आम्ही बॅटरी वाचवायला एलईडीचा करंट कमी केला आणि ही मर्यादा तशीच ठेवली. आमच्या मऊ, गरम बोटांवर आकडा कसाबसा वर राहत होता. मावशींच्या घट्टे पडलेल्या बोटावर तो खाली गेला. दोष मावशींच्या बोटाचा नव्हता, मोड्यूलचाही नव्हता. आमचा होता.

मर्यादा खाली आणली, तर बोट ‘दिसलं’ पण ठोके वेडेवाकडे. तेव्हा कुठे आम्ही मुळात शिरलो. तत्त्व सोपं आहे. एलईडी त्वचेत प्रकाश टाकतो. प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त किंचित वाढतं, ते थोडा जास्त प्रकाश शोषतं आणि फोटोडायोडवर तेवढा कमी पडतो. पण हा बदल एकूण प्रकाशाच्या एखाद-दोन टक्केच. गार पाण्यात हात असले की रक्तवाहिन्या आकसतात आणि तो आणखी घटतो. बाकीचा प्रकाश म्हणजे त्वचा, मांस, हाड : स्थिर आणि निरुपयोगी.

मग स्वतः सर्किट बांधलं. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, त्याचा करंट व्होल्टेजमध्ये बदलायला ऑपअँप आणि १ मेगाओहम. १ मायक्रोअँपिअरला १ व्होल्ट मिळतो, त्यात नाडी १० मिलिव्होल्ट, गार बोटाची जेमतेम २. सरळ शंभरपट वाढवू म्हटलं तर तो स्थिर १ व्होल्टही शंभरपट होऊ पाहतो आणि ऑपअँप वर जाऊन चिकटतो. म्हणून आधी १ मायक्रोफॅरड आणि ३३० किलोओहम लावून अर्ध्या हर्ट्झखालचं सगळं अडवायचं, मगच वाढवायचं. लॅबमध्ये ढिगाने पडलेला एलएम३५८ इथे वापरू नका. ३.३ व्होल्टवर त्याचा आउटपुट दोनच्या आसपासच अडकतो. आमचे दोन दिवस यात गेले. एमसीपी६००२ लावा.

आणि आता काकडी! आमच्या सर्किटवरही काकडीला ७२ ठोके होते. चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आमचा प्रोग्रॅम सेकंदाला १०० नमुने घेतोय असं आम्ही समजत होतो, प्रत्यक्षात ९८.८ घेत होता. फरक १.२ हर्ट्झचा, मिनिटाला बरोबर ७२! सिग्नल्सच्या पेपरात एलिआसिंगची व्याख्या चार मार्कांसाठी पाठ केली होती. ती भेटली काकडीत. उपाय : एलईडी बंद ठेवून एक नमुना, लगेच चालू करून दुसरा, दोघांची वजाबाकी. बाहेरचा प्रकाश बराचसा निघून जातो. शिवाय एलईडी सेकंदाला १०० वेळा फक्त १०० मायक्रोसेकंद पेटवला की २० मिलिअँपिअरचा सरासरी खर्च ०.२ वर येतो. म्हणजे बॅटरीसाठी करंट कमी करायची गरजच नव्हती.

मनगटावरच्या घड्याळांत हिरवा प्रकाश असतो, कारण रक्त तो जोरात शोषतं आणि हालचालीचा त्रास त्यात कमी. पण त्वचेतलं मेलॅनिनही हिरवा प्रकाश इन्फ्रारेडपेक्षा जास्त खातं. म्हणजे जितकी काळी त्वचा, तितका फोटोडायोडला उरलेला प्रकाश कमी. आपल्या देशात बसून हे विसरायचं?

हा केवळ प्रोजेक्टचा प्रश्न नाही. २०२०-२१ मध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ९४ च्या खाली आकडा गेला की घरातले हादरायचे. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्त तपासलं, तर कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के वेळा ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली होता. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्के. तिथल्या एफडीएच्या २०१३ च्या सूचनांमध्ये चाचणीत गडद त्वचेचे किमान दोन जण, किंवा एकूण लोकांच्या १५ टक्के, यांतली मोठी संख्या घ्या असं होतं. दोन म्हणजे काहीच नाही हे खरं. पण आमच्या प्रोजेक्टमध्ये ग्रुपबाहेरचा एकही नव्हता!

आमचे एक सर म्हणतात, “अरे, एका वर्षात सर्किटही तुम्हीच करणार, अ‍ॅपही तुम्हीच करणार, मग मोड्यूल कशाला असतात?” पटतं. ज्यांचा भर अ‍ॅपवर आहे त्यांनी खुशाल मोड्यूल घ्यावं. माझी मागणी वेगळी आहे. रिपोर्टमध्ये ‘अचूकता’ हा शब्द लिहायचा असेल तर ग्रुपबाहेरच्या किमान दहा हातांचे आकडे परिशिष्टात हवेत आणि त्यातले निम्मे वर्गातले नसावेत. मेस, माळी, वॉचमन काका, वर्कशॉपमधले मामा. शेजारी हाताने मोजलेली नाडी. आणि एक्स्टर्नलने डेमोला बोट कुणाचं ठेवायचं ते स्वतः ठरवावं. विभागाने हे पुढच्या बॅचपासून लागू करावं, खर्च शून्य आहे.

आमच्या नव्या सर्किटवर मावशींची नाडी ८१ आली. मनगट धरून मोजली तर ८०. गार पाण्यातून हात काढल्या काढल्या मात्र अजूनही दहातले तीन वेळा आकडा भरकटतो. तेव्हा आता आम्ही तिथे आकडा न दाखवता ‘पुन्हा बोट ठेवा’ असं लिहितो. चालताना तर सगळंच बिघडतं, कारण मिनिटाला १०० ते १२० पावलं म्हणजे नाडीच्याच पट्ट्यात बसणारा हेलकावा. त्याला अ‍ॅक्सिलरोमीटर लागेल, ते काम ज्युनियर्सकडे सोपवतोय.

बोर्ड प्रोजेक्ट लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर आहे. जेवण झाल्यावर रोज साडेनऊपर्यंत आम्ही तिथे असतो. दहापैकी सहा हात झालेत, चार हवेत. स्टाफपैकी कुणी आलं तर फारच छान. काकडी आणू नये, ती तपासून झाली आहे.